हातातल्या यंत्राचे कुलूप

हातात मावणाऱ्या गेमयंत्रांचा इतिहास मला कुलपांचाच इतिहास वाटतो. १९८९ साली निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ आला. कार्ट्रिजमध्ये कंपनीचे बोधचिन्ह हुबेहूब असले, की खेळ सुरू! एवढेच त्याचे कुलूप. ते उघडायला चिप लागतच नसे. हौशी मंडळींनी पुढे त्यात चिप बसवली ती पडद्यामागे दिवा लावल्यावर चित्र ठळक दिसावे म्हणून.

२०१७च्या ‘स्विच’चे कुलूप भक्कम होते. पण एप्रिल २०१८मध्ये प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेल्या आज्ञावलीतला दोष उघड झाला. विकलेल्या यंत्रांत तो दुरुस्त होणे अशक्य. दोन टोके जोडून केबलने आज्ञा पाठवली, की काम फत्ते. नव्या यंत्रांतून तो दोष गेला आणि चिपची गरज आली. ही चिप प्रोसेसरचा वीजदाब क्षणभर पाडून तपासणी चुकवते. डाग द्यायच्या जागा तांदळाच्या दाण्याहून लहान! हात चुकला, की यंत्र निकामी.

अशी साधने विकणाऱ्या ‘टीम एक्झेक्युटर’मधील एकाला २०२२ साली अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. चोरीच्या प्रतींचे समर्थन मी करणार नाही. परंतु पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची किल्ली कोणाकडे असावी, हा प्रश्न त्या निकालाने मिटलेला नाही.