हिवाळा कोणाचा? वाचनालयाच्या दिनदर्शिकेचा थोडा इतिहास

(सुरगाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वाचनालयाच्या हिवाळी कार्यक्रमांवर बोला, असं निमंत्रण आलं तेव्हा विषय आम्हाला साधा वाटला. नंतर भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेऊन तारखा मांडल्या, आणि मग हा विषय साधा राहिला नाही. तीच मांडणी आज तुमच्यासमोर करायची आहे.

आपल्या सार्वजनिक वाचनालयांचा कार्यक्रमांचा हंगाम बघा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ची आठवण, कारण १८३२ साली त्या दिवशी त्याचा पहिला अंक निघाला. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. मधे कुठेतरी जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. आणि शेवटी २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत.

आता याच कॅलेंडरवर दुसरी एक यादी ठेवू. ऑक्टोबरमध्ये दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांची छाटणी. त्यामागोमाग फुटवे काढणं, डिपिंग, विरळणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. या कामाला माणसं कुठून जातात हे सुरगाण्यात आम्ही सांगायला नको. भात, नागली, वरई खळ्यावर आली, दिवाळी झाली, की पिकअप गाड्या भरतात. घराला कडी लागते. मागे राहतात म्हातारी माणसं, आणि आश्रमशाळेत असतील ती पोरं.

या दोन याद्यांच्या तारखा जवळजवळ एकच आहेत. वाचनालय ज्या महिन्यांत सतरंजी अंथरतं, नेमक्या त्याच महिन्यांत त्या सतरंजीवर बसणारा माणूस तालुक्यात नसतो. हे असं का झालं? कुणी दुष्टपणे केलं का? नाही. पण झालं कसं, हे बघायला इतिहासात जावं लागतं.

वाचनालयाला लागते ती फुरसत. 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दातून आला, त्या 'स्कोले'चा मूळ अर्थच फुरसत, मोकळा वेळ. ॲरिस्टॉटल म्हणे, आपण काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून. त्याच्या अथेन्समध्ये ती फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती, हे मात्र विसरायचं नाही. तेव्हा कोणत्याही विद्येच्या ठिकाणाला पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमची वेळ कोणाच्या फुरसतीवरून ठरली?

आपल्याकडच्या संस्थांना हा प्रश्न विचारून बघू. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्याचं १८४८ चं. या संस्था इंग्रज अधिकारी आणि शहरातली नवशिक्षित मंडळी यांच्या पुढाकारातून उभ्या राहिल्या. पुढे व्याख्यानमाला आल्या. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. नाशिकची १९२२ पासून गोदाघाटावर मे महिन्यात भरते. मे महिनाच का? शाळा-कॉलेजांना सुट्टी, कोर्टाला सुट्टी. वकील, शिक्षक, कारकून, विद्यार्थी, सगळे संध्याकाळी मोकळे. ज्यांना फुरसत होती, त्यांच्या फुरसतीप्रमाणे कॅलेंडर ठरलं. यात वावगं काही नाही. त्या काळच्या श्रोत्यांसाठी ते अगदी योग्यच होतं.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसा शिकायला बोलावणं म्हणजे त्याला न बोलावण्यासारखंच आहे, ही गोष्ट त्यांनी आधी ओळखली. रात्रशाळा हे फक्त वेळापत्रक नव्हतं. विद्या कोणासाठी, या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

तसंच एक उदाहरण दूरदेशीचं सांगतो, कारण ते थेट हिवाळ्याचं आहे. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग नावाच्या धर्मचिंतकाने 'लोकांची विद्यापीठं' अशी कल्पना मांडली आणि १८४४ मध्ये रोडिंगला तसलं पहिलं विद्यालय निघालं. क्रिस्टन कोल्ड या चांभाराच्या मुलाने १८५१ मध्ये आणखी एक काढून ती कल्पना खेड्यात रुजवली. तरुण शेतकरी तिथे नोव्हेंबर ते मार्च राहायला यायचे, कारण बर्फात शेती बंद. परीक्षा नाही. पुस्तकापेक्षा बोललेल्या शब्दावर, गोष्टीवर, गाण्यावर भर. त्या देशातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी चळवळीला पुढे जी माणसं मिळाली, त्यातली बरीचशी या हिवाळी वर्गांतून आलेली होती. तिथे हिवाळा शेतकऱ्याच्या मालकीचा होता, म्हणून तो विद्येला देता आला.

मग सुरगाण्याचा हिवाळा कोणाच्या मालकीचा?

इथे थोडं मागे जाऊ. सुरगाणा हे देशमुखांचं छोटं संस्थान होतं. सुमारे ३६० चौरस मैलांचा मुलूख आणि १९०१ च्या शिरगणतीत साडेअकरा हजारांच्या आसपास वस्ती. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. डोंगर, जंगल, धो-धो पाऊस आणि पावसावरचं एकच पीक. नार-पारचं पाणी इथे उगम पावतं आणि इथून निघून जातं, आणि जानेवारी उलटला की बायका हंडे घेऊन टेकडी उतरू लागतात. पाणी नाही म्हणून दुसरं पीक नाही, दुसरं पीक नाही म्हणून हिवाळ्यात घर सोडायचं. अलीकडे घाटाखाली-घाटावर जिथे पाणी आहे तिथे स्ट्रॉबेरी दिसते, सापुताऱ्याच्या रस्त्याला टोपल्या मांडलेल्या असतात. ज्याला पाणी मिळालं त्याला हिवाळा परत मिळाला, असं आम्ही म्हणू. पण बहुतेकांचा हिवाळा अजून मळेवाल्याकडे गहाण आहे.

आणि तरीही, मित्रहो, या तालुक्यात हिवाळ्याचा एक कार्यक्रम कोणत्याही वाचनालयाच्या आधीपासून चालत आला आहे. तो म्हणजे डोंगऱ्या देव. मार्गशीर्षात माऊल्या व्रत धरतात, पावरीच्या सुरावर गावोगाव नाचत जातात, घराघरांतून धान्य मिळतं, आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरावर देवाला जागवतात. भाया पुढे, बाकीचे मागे. कणसरी मातेची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा त्या परंपरेत जिवंत आहे. आणि थाळगान तर तुम्ही ऐकलेलंच असेल: काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं ओढली की थाळी गुणगुणू लागते, आणि त्या नादावर कथेकरी तासन् तास कथा सांगतो. पुस्तक नाही, कागद नाही, सगळा ग्रंथ कंठात.

आम्ही शहरातली माणसं याला 'लोककला' म्हणून बाजूला ठेवतो आणि वाचनालय म्हणजे छापील पुस्तकाचं कपाट समजतो. पण मराठी माणसाचा ग्रंथाशी संबंध मुळात कानाने आला आहे. पोथी एकाने वाचायची, सगळ्यांनी ऐकायची. पारायण, कीर्तन, सप्ताह. आमच्या परंपरेत ज्ञानाची पहिली पायरी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन. डोळ्यांनी एकट्याने मुकाट वाचणं ही सवय बरीच अलीकडची. तेव्हा थाळगान करणारा कथेकरी हा वाचनालयाच्या कार्यक्रमातला पाहुणा कलाकार नव्हे. तो ग्रंथपालाचा पूर्वज आहे. त्याच्यात आणि ग्रंथपालात फरक एवढाच की त्याचं कपाट त्याच्याबरोबर जातं.

आता कायद्याकडे. ग्रंथालयांसाठी कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान देशात पहिलं, साल १९४५. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांना मान्यता मिळाली, अ-ब-क-ड असे वर्ग आले, अनुदान आलं. हे काम मोठं आहे, त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण वर्ग ठरतो कशावर? पुस्तकं किती, सभासद किती, कार्यक्रम किती. सभासद जानेवारीत कुठे होता, हा रकाना त्या कागदात नाही. मग कार्यक्रम होतो, हार होतो, फोटो निघतो, अहवाल जातो. समोर आश्रमशाळेची पोरं बसवलेली असतात. पोरांना कार्यक्रम मिळावा, जरूर मिळावा. पण त्यांचे आईबाप त्या वेळी द्राक्षाच्या मळ्यात पालात असतात, आणि त्यांच्यासाठी कोणताच दिन साजरा होत नाही.

यावर उपाय नवा शोधायला नको, तो शंभर वर्षांपूर्वी शेजारी होऊन गेला आहे. डांगाच्या पलीकडे सोनगड, व्यारा हे बडोद्याचे तालुके. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरलं जातं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि गावोगाव ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्यातच फिरती ग्रंथालयं होती: लाकडी पेट्यांत पुस्तकं भरायची आणि मागणीप्रमाणे गावाला पाठवायची. पुढे १९३१ मध्ये तमिळ मुलखात मन्नारगुडीजवळ बैलगाडीवर ग्रंथालय निघालं, त्याचं उद्घाटन डॉ. रंगनाथन यांनी केलं. त्याच वर्षी त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत प्रसिद्ध झाले. त्यातला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक वाचकाला. तो घरी असेल तेव्हाच, अशी अट त्यात नाही.

आणि पेटीची कल्पना आपल्या जिल्ह्यात आजही चालू आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम २००९ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरवतो. नाशिकहून अशा पेट्या परदेशांपर्यंत गेल्या. दुबईला गेलेली पेटी दिंडोरीच्या मळ्यात जाऊ शकणार नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून आमचं म्हणणं तीन गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट, हंगाम पुढेमागे करा. सरकारी दिवस पाळाच, पण सुरगाण्याचा खरा वाचन-सप्ताह ज्या आठवड्यात माणसं घरी असतात त्या आठवड्यात घ्या. एक दिवाळीच्या तोंडावर, गाड्या भरण्याआधी. दुसरा होळीच्या आसपास, माणसं परतल्यावर. बोहाडेही त्यानंतरच्याच दिवसांत असतात. लोकांनी आपलं कॅलेंडर आधीच नीट लावलेलं आहे, वाचनालयाने ते फक्त वाचायचं आहे.

दुसरी गोष्ट, जाणाऱ्याबरोबर पेटी जाऊ द्या. मोठी नको. वीस-पंचवीस पुस्तकं, मोठ्या टायपातली, चित्रांची, आणि भरतीच्या परीक्षेची दोन-चार. आजच्या तालुका वाचनालयातला नेमाने येणारा वाचक हा पोलीस भरती-तलाठी भरतीचा अभ्यास करणारा मुलगा किंवा मुलगी असते, हे आपण सगळे जाणतो. घरची अडचण म्हणून तीच मुलगी हिवाळ्यात विरळणीला जाते आणि तिचा चार महिन्यांचा अभ्यास बुडतो. पेटीचा पहिला हक्क तिचा. पुस्तकं हरवतील, भिजतील, हे खरं. कपाटात वाळवी लागून जातात त्यापेक्षा वापरून गेलेली बरी.

तिसरी गोष्ट, जी म्हातारी माणसं मागे राहतात, त्यांना कार्यक्रमाचे श्रोते न करता वक्ते करा. हिवाळ्याच्या चार महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ थाळगानाची, कणसरीच्या कथेची, जुन्या पाऊसकाळाच्या आठवणींची ठेवा. आश्रमशाळेच्या मुलांनी ते आपल्या कोकणा बोलीत, जसंच्या तसं, वहीत उतरवावं. 'शुद्ध' करू नये. सांगणाऱ्याचं नाव वर, उतरवणाऱ्याचं खाली. ज्या कथा सांगायच्या नसतात, विधीपुरत्याच असतात, त्या मागू नयेत. दहा हिवाळ्यांत या वाचनालयात असं एक कपाट तयार होईल जे मुंबई-पुण्याच्या कोणत्याही ग्रंथालयात नाही. मग लोक इथे येतील ते फक्त घ्यायला नाही, आपलं ठेवलेलं बघायलाही.

कुणी म्हणेल, प्रोफेसर, प्रश्न पाण्याचा आणि रोजगाराचा आहे, पुस्तकाच्या पेटीने स्थलांतर थांबतं का? नाही थांबत. २०२२ च्या हिवाळ्यात सीमेवरच्या काही गावांनी सोयी नाहीत म्हणून गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली, तिचं उत्तर पुस्तकाने देता येणार नाही. ते रस्त्याने, पाण्याने, दवाखान्यानेच द्यावं लागेल. वाचनालयाने त्याचा आव आणू नये. पण वाचनालयाच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. चार महिने जो माणूस फक्त मजूर म्हणून मोजला जातो, त्याला त्या चार महिन्यांतही सभासद म्हणून मोजायचं. नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'गैरहजर' न लिहिता 'पेटी क्रमांक अमुक, मुक्काम अमुक' असं लिहायचं. एवढ्याने त्याचा हिवाळा त्याच्या मालकीचा होत नाही. पण तो त्याचा आहे, हे एका संस्थेने तरी लिहून ठेवलेलं असतं, आणि इतिहासात हक्क मागताना असं लिहिलेलं उपयोगी पडतं.

बाहेर थंडी वाढते आहे आणि काही मंडळींना लांब पाड्यावर जायचं आहे.  आम्ही थांबतो. नमस्कार.