अलिबागची वेधशाळा आणि ९९९९९ चा आकडा: कॉन्स्टंटला डेटा टाइप कोणता द्यायचा?

अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवते आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांचा मोजमापांवर परिणाम होऊ नये म्हणून कुलाब्याचं हे काम इथे हलवलं गेलं. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

अशा नोंदी वाचण्यासाठी अनेक प्रोग्राम मिळून एकच सॉफ्टवेअर लायब्ररी वापरू शकतात. तिच्यातल्या एका कॉन्स्टंटचा टाइप चुकला, तर ती चूक सगळ्यांपर्यंत पोहोचते.

कॉन्स्टंट म्हणजे काय?
प्रोग्राम चालू असताना न बदलणारी किंमत. उदाहरणार्थ, आयएजीए-२००२ या जागतिक फॉरमॅटमध्ये नोंद नसेल तिथे ९९९९९.०० लिहितात. हे मोजमाप नाही, 'नोंद नाही' अशी खूण आहे.

१६ बिट का पुरत नाहीत?
१६ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. अलिबागला क्षेत्राचा आडवा घटकच सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. ३८,००० त्यात कोंबले, तर बहुतेक संगणकांवर उणे २७,५३६ दिसतील. ९९९९९ ची खूणही तशीच बिघडेल.

उणे चिन्ह का हवं?
१८५९ च्या प्रचंड सौर वादळात कुलाब्याला क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. सी भाषेत ३२ बिटांच्या चिन्हविरहित टाइपमध्ये ३६,४०० मधून ३८,००० वजा केले, तर उत्तर उणे १,६०० येत नाही. ते ४,२९,४९,६५,६९६ येतं!

दशांश असेल तर?
०.१ ही किंमत संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी बसत नाही. त्यामुळे ३२ बिटांचा ०.१ आणि ६४ बिटांचा ०.१ यांची तुलना केली, तर ते समान ठरत नाहीत. ९९९९९.०० मात्र पूर्ण संख्या असल्याने दोन्हींत नेमकी बसते. म्हणून खूण म्हणून ती सुरक्षित आहे.

टाइप बरोबर, तरी घोळ?
होऊ शकतो. समजा, तासाभराच्या ६० नोंदींपैकी ५९ नोंदी ३८,००० आहेत आणि एक ९९९९९. खूण न वगळता सरासरी काढली, तर ती सुमारे ३९,०३३ येते. म्हणजे आकाशात काहीच घडलेलं नसताना कागदावर हजार नॅनोटेस्लांची उडी!

मग काय करायचं?
- मोजमापांसाठी आणि त्यांच्या खुणेसाठी ६४ बिटांचा दशांश टाइप, दोन्हींसाठी एकच.
- मोजणीसाठी किमान ३२ बिटांचा चिन्हयुक्त पूर्णांक.
- कॉन्स्टंटच्या नावात किंवा टिपणीत एकक.
- सरासरीआधी खुणेची तपासणी.

टाइप सुरुवातीलाच ठरवलेला बरा. सी भाषेत हेडर फाइलमधली किंमत वापरणाऱ्याच्या प्रोग्राममध्येच जाऊन बसते. नंतर लायब्ररीत ती बदलली, तरी जुना प्रोग्राम पुन्हा कंपाइल होईपर्यंत जुनीच किंमत वापरत राहतो.

१९९६ मध्ये एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात न मावल्याने त्या बिघाडाची सुरुवात झाली होती.