मारक्या कोंबड्याचं बीज

परसातला कोंबडा माणसाच्या अंगावर यायला लागला की काठी दाखवा, डाल्याखाली कोंडा, असे सल्ले मिळतात. त्यांचा उपयोग थोडाच होतो. काठी उगारणारा माणूस कोंबड्याला प्रतिस्पर्धी वाटतो आणि मग तो पाठमोऱ्या माणसावर झडप घालतो. मला वाटतं, हा प्रश्न वळण लावण्याचा कमी आणि बीजाचा जास्त आहे : कोणत्या नराची पिलं वाढू द्यायची? गंमत म्हणजे याचा सर्वांत चांगला पुरावा झुंजी लावणाऱ्यांकडूनच मिळतो.

झुंजींचा हा शौक इकडे जुना आहे. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडला चालुक्यकालीन दशरथेश्वराचं मंदिर आहे. त्या चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे शेजारच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला आणि राजाच्या करमणुकींत हत्ती-रेड्यांसोबत कोंबड्यांच्या झुंजीलाही जागा दिली. पुढे अठराव्या शतकात लखनौच्या नवाबाच्या दरबारातली अशीच एक झुंज योहान झोफानी या चित्रकाराने रंगवली. मुखेड 1948 पर्यंत ज्या निजामी राज्यात होतं, त्याला लागून असलेल्या आंध्रात असील जातीचे कोंबडे आजही प्रसिद्ध आहेत. दुसरा नर दिसला की असील मरेपर्यंत लढतो, पण मालकाच्या हातात निमूट राहतो. कारण उघड आहे. झुंजीआधी त्याला धरावं लागतं, पायाला पातं बांधावं लागतं, मध्येच उचलून रक्त पुसावं लागतं. हातालाच चोच मारणारा पक्षी कितीही शूर असला तरी कामाचा नाही. त्याचं बीज पुढे नेलं जात नसे. म्हणजे नराशी भांडणं आणि माणसावर धावणं हे दोन वेगळे गुण आहेत, आणि निवडीने एक राखून दुसरा काढता येतो. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणं गुन्हा ठरवलं, ते योग्यच झालं. पण त्या जाणकारांचा हा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही.

यावर कुणी म्हणेल, गरीब कोंबडा घेऊन करायचं काय, मांजर-मुंगूस आलं तर कोंबड्यांची राखण कोण करणार? पण असीलचा दाखला याच शंकेला उत्तर देतो : धीट असणं आणि धन्यावर उलटणं एकाच गाठोड्यात येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मरीआईला किंवा आखाडात पाहुण्याला कोंबडा द्यायचा, तर घरातला धष्टपुष्ट, डौलदार नरच जातो. मग स्वभावाची निवड कुठे झाली? हे काही अंशी खरंच आहे, नवस फेडताना स्वभाव बघत नाहीत. तरी दहाएक कोंबड्यांमागे एकच नर पुरतो. बाकीचे कधी ना कधी कापले जाणारच, तेव्हा आधी कोणता, हे ठरवायला वाव उरतो. लहान पोरांच्या डोळ्यांवर झेपावणारा नर त्या रांगेत पुढे असणार, असं मानणं अवाजवी नाही.

हा वाव आता आटतो आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या सुधारित जाती अंडी-मांसाला सरस आहेत, पण वनराजा सहसा खुडूक बसत नाही. त्यामुळे पिलं उबवणी केंद्रातून विकत येतात. अशा परसात मारका नर कापला, तरी पुढच्या खेपेच्या पिलांचा बाप निवडणारा माणूस दुसऱ्याच गावात असतो आणि तो वजन व अंड्यांचा हिशेब आधी बघतो.