प्रमाण आणि परीक्षा

व्यापारातील मापांचे ऐक्य व परीक्षेवरील विश्वास या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीचा पाया १८७५ साली पॅरिस येथे १७ राष्ट्रांनी केलेल्या मीटर-कराराने घातला. १९४६ मध्ये लंडन येथे २५ देशांचे प्रतिनिधी जमले व पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटना कार्यरत झाली.

परंतु प्रमाण एक ठरले, तरी माल त्यास उतरला हे सांगावयाचे कोणी, हा प्रश्न उरलाच. निर्यातदार देशात तपासलेला माल आयातदार देशात पुन्हा तपासला जाई. जकात घटली, तरी ही दुबार परीक्षा अडसर होऊन राही. टोकियो फेरीतील १९७९ च्या संहितेने आणि १९९५ पासून अमलात आलेल्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या कराराने परदेशी परीक्षेचे निष्कर्ष शक्य तेथे स्वीकारण्याचे तत्त्व मांडले. मात्र परीक्षकाची योग्यता पाहावयाची कोणी? २००० साली प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देणाऱ्या ३६ संस्थांनी परस्परमान्यतेचा करार केला. त्याचा आधार म्हणजे या संस्थांनी परस्परांची केलेली तपासणी.

या व्यवस्थेची मर्यादाही येथेच दिसते. प्रमाण मान्य करण्यास स्वाक्षरी पुरते. विश्वास संपादण्यास सुसज्ज प्रयोगशाळा लागते. ती उभारण्याची ऐपत नसलेल्या राष्ट्राचा माल निर्दोष असूनही दाराशीच अडतो.