एक दिवा, एक मलम आणि कुवेत

डेन्मार्कने जगाला त्वचेच्या जंतुसंसर्गावर दोन उपाय दिले. पहिला दिवा, दुसरा मलम. दिवा आधी आला आणि विसरला गेला. मलम नंतर आलं आणि घराघरात पोचलं. आता मलमाची ताकद कमी पडायला लागलीय, आणि प्रयोगशाळांना दिव्याची आठवण होतेय. या भागात आपण ही गोष्ट कुवेतच्या बाजूने बघू, कारण मलमाचं काय झालं ते तिथे फार स्पष्ट दिसतं.

आधी दिवा. नील्स फिन्सेन हा कोपनहेगनचा डॉक्टर. त्याच्या काळात 'ल्युपस व्हल्गॅरिस' म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेचा क्षय युरोपात बराच होता. नाक, गाल हळूहळू झडत जायचे, आणि खात्रीचं औषध नव्हतं. फिन्सेनने विजेच्या दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगांमधून त्या जखमांवर टाकला. रोज, तासन् तास, कित्येक महिने. रुग्ण बरे व्हायला लागले. १९०३ साली त्याला वैद्यकाचं नोबेल मिळालं.

प्रकाशाने जंतू मेले कसे, हे मात्र त्याला नीट माहीत नव्हतं. अतिनील किरणांमुळे, असं बरीच वर्षं मानलं गेलं. २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी त्याची जुनी भिंगं तपासली, तर ती भिंगं जंतुनाशक आखूड अतिनील किरण अडवतच होती! मग त्यांचा अंदाज असा की क्षयाच्या जंतूंमध्ये पोर्फिरिन नावाची रंगद्रव्यं मुळातच असतात. ती प्रकाश शोषतात आणि जंतू आतूनच मरतो.

हेच कोडं त्याच सुमारास म्युनिकमध्ये उलगडत होतं. ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन हे रंगद्रव्य पॅरामिशियमवर तपासत होता. द्रावण तेच, पण एका दिवशी जीव लवकर मरायचे, दुसऱ्या दिवशी उशिरा. फरक खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा होता. त्याचं काम १९०० मध्ये छापून आलं. त्याचे गुरू टापायनर यांनी पुढे दाखवलं की याला ऑक्सिजनही लागतो. थोडक्यात, रंग, उजेड आणि ऑक्सिजन या तिघांचं हे काम आहे. रंगद्रव्य प्रकाश घेतं, ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं, आणि तो उद्दीपित ऑक्सिजन क्षणभरात आसपासचं जे सापडेल ते जाळतो.

मग १९४० चं दशक आलं. पेनिसिलिन आलं, क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आलं. महिनोन् महिने दिव्याखाली कोण बसणार? दिवे अडगळीत गेले.

आता कुवेत. तिथे अमेरिकन मिशनचं रुग्णालय पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालं होतं. पण तेलाचं पहिलं जहाज निघालं १९४६ मध्ये, आणि सरकारी अमिरी रुग्णालय उघडलं १९४९ मध्ये. म्हणजे आधुनिक कुवेतची आरोग्यव्यवस्था आणि प्रतिजैविकं जवळपास एकाच वयाची. तेव्हा तिथे रुपया चालायचा. कुवेती दिनार आला तो १९६१ मध्ये. मुंबईशी व्यापाराचे, येण्याजाण्याचे संबंध त्याआधीपासूनचे होते.

१९६१ याच वर्षी इंग्लंडमध्ये मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नोंदला गेला. मेथिसिलिन बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. हाच तो एमआरएसए. हा जिवाणू अनेकांच्या नाकात, कातडीवर गुपचूप राहतो. कातडी फुटली की गळू, पू, कधी त्याहून वाईट.

आणि पुढच्याच वर्षी डेन्मार्कचं दुसरं देणं आलं: फ्युसिडिक आम्ल, एका बुरशीपासून मिळवलेलं. मलम म्हणून ते फार लोकप्रिय झालं. तुमच्या घरच्या औषधाच्या डब्यातही ती ट्यूब असू शकेल. खरचटलं, लाव. पुटकुळी आली, लाव.

कुवेत विद्यापीठात एडेट उडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून देशातल्या रुग्णालयांमधले एमआरएसए गोळा करून त्यांचे वाण ओळखायचं काम केलं आहे. त्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे फ्युसिडिक आम्लालाही दाद न देणारे जंतू. आखातातल्या काही वाणांमध्ये तर मेथिसिलिन आणि फ्युसिडिक आम्ल, दोन्हींना तोंड देणारी जनुकं डीएनएच्या एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी बसलेली सापडतात. याचा अर्थ नीट बघा. साधं मलम लावलं तरी मरतात ते साधे जंतू, आणि उरतो तो एमआरएसए.

या जंतूंमध्ये आपल्याकडचाही एक आहे. त्याला 'बेंगॉल बे' वाण म्हणतात. २०१९ च्या एका जनुकीय अभ्यासानुसार तो भारतीय उपखंडात १९६० च्या दशकात वेगळा झाला, १९९० च्या सुमारास त्याने बऱ्याच औषधांना दाद देणं सोडलं, आणि मग माणसांच्या प्रवासाबरोबर जगभर गेला. कुवेतमध्येही तो सापडला आहे. यावरून कुणी 'कामगारांनी रोग आणला' म्हणू लागलं तर थांबवायला हवं. जंतू पासपोर्ट बघत नाही. एका खोलीत आठ-दहा जण झोपतात, टॉवेल एकच असतो, जखम झाली तरी सुट्टी मिळत नाही, तिथे तो पसरतो. हा प्रश्न राहणीमानाचाही आहे.

म्हणून आता पुन्हा उजेड. यात जेलचं काम काय? रंगद्रव्य पाण्यासारखं ओतलं तर ओघळून जातं, तेलकट मलमात घातलं तर जखमेत नीट उतरत नाही. जेल जागेवर बसतं, जखम ओली ठेवतं आणि उजेड आरपार जाऊ देतं. २०११ मध्ये युरोपात अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचं एक जेल मंजूर झालं. ते जंतुसंसर्गासाठी नाही, उन्हाने होणाऱ्या कर्करोगपूर्व खरखरीत डागांसाठी आहे. पण त्यातून पेशींमध्ये तयार होतं ते पोर्फिरिनच, म्हणजे फिन्सेनच्या गोष्टीतलंच द्रव्य. पुष्कळ जिवाणूसुद्धा या आम्लापासून पोर्फिरिन बनवतात, आणि संशोधकांचं लक्ष तिकडे आहे.

जंतूंवर प्रत्यक्ष वापराचं उदाहरण कॅनडातलं आहे. व्हॅन्कूव्हरमध्ये शस्त्रक्रियेआधी रुग्णांच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू लावून लाल प्रकाश दिला, सोबत जंतुनाशकाने अंगही पुसलं. शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग आधीच्या २.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. मिथिलीन ब्लू हा १८७६ चा कापड रंगवायचा रंग!

प्रतिजैविक जंतूच्या एखाद्या ठरावीक भागावर नेम धरतं, त्यामुळे तेवढा भाग बदलला की जंतू सुटतो. उद्दीपित ऑक्सिजन मात्र भिंत, प्रथिनं, डीएनए सगळ्यांवर एकदम तुटून पडतो. त्यातून सुटायची वाट सापडणं अवघड जातं. पण मर्यादाही आहेत. उजेड काही मिलिमीटरच आत जातो, त्यामुळे खोल गळू किंवा रक्तात गेलेला संसर्ग असेल तर औषधच लागतं. आग होते. आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन थोडा प्रकाश स्वतःच शोषतं, नंतर काळे डागही राहू शकतात. गोऱ्या कातडीवर ठरवलेली मात्रा जशीच्या तशी आपल्याला लावता येत नाही. कुवेतमधल्या लाखो भारतीयांसाठी हा मुद्दा किरकोळ नाही.

दिवा मागे पडला कारण मलम सोपं होतं. ते सोपं होतं म्हणूनच ते उठसूट लावलं गेलं, आणि त्याची धार गेली. जेल-प्रकाशाचा उपचार उद्या मोबाईलएवढ्या यंत्रात आला, तर त्याचंही हेच होऊ शकतं. तोपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे: सुट्टीवरून परत येताना बॅगेत भरलेली ती ट्यूब. पुढच्या वेळी पुटकुळीवर पिळण्याआधी डॉक्टरला एकदा दाखवा.