शॅल, विल आणि बुडणारा माणूस

इंग्रजी भाषेत काही शब्द जोडीनेच राहतात, आणि त्या जोडीतला नेमका कोण आपल्या कामाचा हे ओळखण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं. लाय आणि ले, लेस आणि फ्यूअर, हू आणि हूम! पण या सगळ्यांत अट्टल जोडी म्हणजे शॅल आणि विल. बाकीच्या जोड्यांत चूक झाली तर माणूस अडाणी ठरतो. इथे चूक झाली तर, इंग्रजांच्या म्हणण्याप्रमाणे, तो चक्क प्राणाला मुकतो.

ते कसं, हे पुढे सांगतो. आधी नियम. 'आय' आणि 'वुई' यांच्यामागून शॅल आलं, की तो नुसता भविष्यकाळ. विल आलं, की निर्धार, वचन नाहीतर धमकी. 'यू', 'ही', 'शी' आणि 'दे' यांच्या घरी सगळं उलटं. तिथे विल म्हणजे साधा भविष्यकाळ आणि शॅल म्हणजे हुकूम! घर बदललं की स्वभाव बदलायचा. आपल्याकडे हे फक्त जावयालाच जमतं.

मुळात हे दोन्ही शब्द सरळमार्गी होते. शॅल म्हणजे देणं लागणं आणि विल म्हणजे इच्छा असणं. म्हणून तर मृत्युपत्राला इंग्रजीत विल म्हणतात. या दोघांना नियमाच्या चौकटीत बसवलं ते जॉन वॉलिस यांनी, १६५३ साली. हे गृहस्थ ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. शिवाय पार्लमेंटसाठी शत्रूची सांकेतिक पत्रं उलगडून देण्यात पटाईत. त्यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, ते लॅटिनमध्ये. कारण पुस्तक होतं इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परक्या लोकांसाठी. पुढे दोनच वर्षांनी, १६५५ साली, याच वॉलिसांनी गणितात अनंताचं चिन्ह आणलं. तो आडवा पडलेला इंग्रजी आठ! शॅल-विलचा नियम वाचून दमलेला विद्यार्थी साधारण तसाच पडलेला दिसतो.

म्हणजे परक्यांच्या सोयीसाठी केलेला हा नियम. पण पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत तो इंग्रजांच्याच पोरांच्या डोक्यावर बसला. लिंडली मरे नावाच्या एका अमेरिकन वकिलाने इंग्लंडात येऊन यॉर्कजवळ बिऱ्हाड केलं आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी १७९५ साली व्याकरण लिहिलं. ते पुस्तक इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळाशाळांतून गेलं, आणि त्याबरोबर नियमही.

आता ती बुडण्याची गोष्ट. एक माणूस नदीत पडला आणि ओरडू लागला, "आय विल ड्राऊन! नोबडी शॅल सेव्ह मी!" बिचाऱ्याला म्हणायचं होतं, मी बुडणार, मला कुणी वाचवणार नाही. पण नियमाप्रमाणे अर्थ झाला, 'माझा बुडण्याचा निश्चय आहे, खबरदार कुणी वाचवाल तर!' काठावरच्या सभ्य इंग्रजांनी त्याच्या इच्छेला मान दिला.

ही गोष्ट इंग्रज मोठ्या चवीने सांगत. त्यातला बुडणारा कधी स्कॉटिश असतो, कधी आयरिश; लंडनचा कधीच नसतो. कारण स्कॉटलंड-आयर्लंडची माणसं जिथे तिथे बिनदिक्कत विल म्हणत. फाउलर बंधूंनी १९०६ साली 'द किंग्ज इंग्लिश' या पुस्तकात या जोडीवर पानंच्या पानं लिहिली आणि मत दिलं, की दक्षिण इंग्लंडातल्या माणसाला हे जन्मतःच येतं, इतरांना शिकून येणं कठीण. म्हणजे हा नियम नव्हेच, ही दारावरची पाटी! आतले कोण आणि बाहेरचे कोण, हे ओळखण्यासाठी लावलेली.

आता गंमत बघा. मुंबईत इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. जॉन विल्सन होते. १८३२ साली त्यांनी काढलेल्या शाळेचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. आणि हे विल्सनसाहेब कुठले? स्कॉटलंडचे! म्हणजे ज्यांच्या मुलखाचं शॅल-विल लंडनला कच्चं वाटे, त्यांनीच आमच्या आजोबा-पणजोबांना इंग्रजी शिकवलं. साहेबांच्या आडनावातही विलच होतं, शॅल नव्हतं.

पण आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांना हे कोण सांगणार? चार मैल चालत येणारा एक मुलगा वर्गात उभा राहून म्हणाला, "आय विल गो होम टुमॉरो." मास्तर म्हणाले, "घरी जायचा एवढा निर्धार कशाला रे? आत्ताच जा की!" वर्ग हसला, छडी वाजली. तो पोरगा पुन्हा इंग्रजीच्या तासाला तोंड उघडेना. मॅट्रिकला इंग्रजीतच गेला, आणि मग शेतावर गेला तो गेलाच.

आता या खटल्याचा निकाल ऐका. चार्ल्स फ्रीझ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९२५ साली इंग्रजी आणि अमेरिकन नाटकांतली शॅल-विल एकेक करून मोजली. 'आय'च्या मागे शॅलपेक्षा विलच जास्त निघालं! म्हणजे त्या मुलाच्या हातावर छडी बसली, त्याच्या कितीतरी आधी निकाल त्याच्या बाजूने लागला होता. फक्त टपाल आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आणि मोठी माणसं तरी कुठे नियम पाळत होती? १९४० साली चर्चिलसाहेबांनी पार्लमेंटात गर्जना केली, आम्ही किनाऱ्यावर लढू, शेतात लढू. दर वेळी शॅल! नियमाने तो नुसता हवामानाचा अंदाज. १९४२ साली फिलिपिन्स सोडून आलेल्या जनरल मॅकआर्थरनी परत जायची प्रतिज्ञा केली, तीही शॅल लावून. दोन वर्षांनी ते खरोखर परत गेले. कुणी छडी काढली नाही.

कायद्यात शॅल म्हणजे सक्ती, असं आपण धरून चालतो. पण १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की राज्यघटनेच्या ३२०व्या कलमातलं लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दलचं शॅल सक्तीचं नाही. घटनेतलं शॅलसुद्धा दर वेळी बांधील नाही म्हटल्यावर चार मैल चालून आलेल्या पोराच्या विलने काय घोडं मारलं होतं?

आपल्या मराठीचं बरं आहे. 'मी जाईन' म्हणजे बेत, 'मी जाणार' म्हणजे बातमी, आणि 'मी जाणारच' म्हटलं की घरातले समजतात, आता अडवण्यात अर्थ नाही. एका 'च'मध्ये वॉलिस, मरे आणि दोन्ही फाउलर गार! आणि मराठी माणूस पाण्यात पडला, तर भविष्यकाळाच्या वाटेला जातच नाही. तो ओरडतो, "मेलो, मेलो! वाचवा!" अजून जिवंत असताना सरळ भूतकाळ! व्याकरण साफ चुकलेलं असतं. पण काठावरचा माणूस ते तपासत बसत नाही, उडी मारतो.