पदव्यांचा जमाखर्च

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढची पदव्यांची माळ महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बॅरिस्टर-ॲट-लॉ. ही अक्षरे आपण एका दमात वाचतो, आणि एका दमात वाचतो म्हणूनच की काय, ती एका दमात मिळाली असावीत असा आपला समज होतो. प्रत्यक्षात १९०७ च्या मॅट्रिकपासून १९२७ च्या पीएच. डी. पर्यंत वीस वर्षे हा हिशेब चालू होता. त्यात तीन विद्यापीठे आली, एक वकिलांची संस्था आली, आणि मधोमध तीन वर्षांचे एक मोठे खिंडार आले. हे खिंडार मला साऱ्या हकिकतीत फार महत्त्वाचे वाटते. बुद्धिमत्तेच्या कथा आपल्याकडे पुष्कळ सांगितल्या जातात. पण पटावर नाव लावून घेणे आणि ते तेथून पुसू न देणे यालाही एक इतिहास असतो, आणि गरिबाच्या शिक्षणात तो बुद्धीइतकाच निर्णायक ठरतो.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवणे हे कॉलेजांचे काम. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले चार बी. ए. झाले, तेव्हापासून पदवीचा मार्ग म्हणजे एकामागून एक चढायच्या पायऱ्या असे रूप रूढ झाले. मॅट्रिक, मग मधल्या परीक्षा, मग बी. ए. कॉलेजच्या पटावर नाव हवे, टर्म भरल्याचा दाखला हवा, फी वेळेवर भरलेली हवी. एवढे झाले म्हणजे वर्षभराची सारी मेहनत चार-सहा दिवसांच्या पेपरांच्या तराजूत पडे. ‘टर्म भरणे’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत शिरला तो या पद्धतीमुळे. एखाद्या आजारपणाने टर्म बुडाली की वर्ष गेले, आणि वर्ष गेले की पुष्कळांचे शिक्षणच गेले.

या व्यवस्थेत विषय निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्याला बेताचाच होता, आणि भीमराव आंबेडकरांना तर तेवढाही मिळाला नाही. शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवण्यास शिक्षक तयार नव्हते, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. नियमांच्या कोणत्याही पुस्तकात ही मनाई छापलेली नसेल. पण विषयाच्या रकान्यात काय लिहायचे ते जातीने ठरवले. पुढे संस्कृत ते स्वतःच्या हिमतीवर शिकले. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजच्या खर्चाची पंचाईत पडली तेव्हा याच केळुसकरांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले.

१९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, आणि तेथे त्यांना पदवीचा अगदी निराळाच हिशेब पाहायला मिळाला. अमेरिकेत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासूनच्या आपल्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत विद्यार्थ्याने आपले विषय आपणच निवडावेत ही पद्धत वाढीस लावली होती. एकच ठरीव अभ्यासक्रम मोडून त्याचे लहान लहान पाठ्यक्रम झाले. प्रत्येकाची नोंदणी वेगळी, तास वेगळे, निकाल वेगळा. एका पाठ्यक्रमात पाऊल घसरले तरी बाकीचे वाया जात नसत. जमेला पडलेले जमेतच राही. वर्षाचे ओझे एकाच तराजूत टाकण्याऐवजी ही पद्धत पै-पैचा खर्डा ठेवणारी होती.

या खर्ड्यात आंबेडकरांनी तीन वर्षांत काय लिहून घेतले ते विद्यापीठाच्या दप्तरात नोंदलेले आहे. अर्थशास्त्राचे २९ पाठ्यक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा एकेक. एकूण साठ. पदवीला लागतात म्हणून कोणी साठ पाठ्यक्रम घेत नाही. ज्याला शाळेत एक भाषा नाकारली गेली होती त्याच्यापुढे आता विषयांची यादीच्या यादी उघडी पडली होती, आणि ‘तुझी जात कोणती’ असे विचारणारा रकाना त्या नोंदणीत नव्हता. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र, ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान, गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात मानववंशशास्त्र अशी ही भूक भागत होती. ९ मे १९१६ रोजी त्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. १९१५ साली एम. ए. पदरात पडली. डॉक्टरेटची तयारीही पुष्कळ पुढे गेली; पण छापील प्रबंधाच्या प्रती विद्यापीठाला सादर केल्यावाचून पदवी मिळत नसे. छपाईला पैसे लागतात. तेव्हा ते खाते उघडेच ठेवून १९१६ मध्ये ते लंडनला गेले.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले त्या वेळची फी होती दहा पौंड दहा शिलिंग. मॅकिंडर यांचा भूगोल, लोज डिकिन्सन यांचे राजकीय विचार, हॉबहाउस यांचे समाजशास्त्र असे विषय त्यांनी घेतले. याच सुमारास एक गमतीचा पत्रव्यवहार झाला. सेलिग्मन यांचे शिफारसपत्र प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे आले होते. फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिवांना कळवले की हे गृहस्थ डॉक्टर झालेलेच आहेत. त्यांनी जिंकावे असे येथे आता काही उरलेले नाही! प्राध्यापकांच्या लेखी जो डॉक्टर झाला होता, त्याला डॉक्टर व्हायला विद्यापीठाच्या दप्तरी अजून अकरा वर्षे लागायची होती. विद्वानाची नजर आणि कारकुनाची वही यांत असे अंतर नेहमीच असते; पण पदवी मिळते ती वहीप्रमाणे.

त्याच वर्षी बॅरिस्टरीसाठी त्यांनी ग्रेज इनमध्येही नाव घातले. तेथला टर्म भरण्याचा प्रकार ऐकून आपल्याकडच्या माणसाला हसू यावे. परीक्षा होत्याच, पण त्याशिवाय बारा टर्म भराव्या लागत, आणि टर्म भरायची म्हणजे संस्थेच्या दिवाणखान्यात ठरावीक वेळा जेवायचे! गांधीजींनी या जेवणावळींची थट्टा आपल्या आत्मकथेत केली आहे. मात्र आंबेडकरांच्या संदर्भात ही थट्टा मला निराळीच वाटते. ज्याच्या हातचे पाणी स्वदेशात चालत नव्हते, त्याला इंग्लंडात वकील व्हायचे तर इतरांच्या पंगतीला बसणे सक्तीचे होते. तो सहभोजनाचा उपचार कोणी सुधारणा म्हणून घातलेला नव्हता. तो साधा हजेरीचा नियम होता.

आणि मग ते खिंडार आले. १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याशी करार होता, शिक्षणानंतर दहा वर्षे दरबारची नोकरी करण्याचा. परत जाणे भाग होते. अभ्यास अर्धा, बॅरिस्टरी अर्धी, कोलंबियाची डॉक्टरेट छपाईवाचून अडलेली, असा तीन ठिकाणी उघडा पडलेला हिशेब मागे टाकून ते निघाले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने निघाली होती. ती बोट पाणतीराने बुडाली. त्या दिवशी त्यांच्यापाशी शिल्लक काय होते? लंडन विद्यापीठाची एक परवानगी. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू करता येईल.

ही परवानगी ज्याने कागदावर उतरवली त्याला आपण काही मोठे करीत आहोत असे वाटलेही नसेल. कचेऱ्यांतून असे कागद रोज निघतात. पण पुढचे सारे त्या एका ओळीवर उभे राहिले. बडोद्याला नोकरी होती, पण राहायला घर मिळेना. एका पारशी सराईत नाव बदलून ते राहिले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अकरा दिवसांत कोलंबियाच्या एम. ए. ला बडोदा सोडावे लागले. मुंबईला येऊन पडेल ते काम करीत, शेवटी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. पगार चांगला होता, आणि पुष्कळांनी तेथेच समाधान मानले असते. त्यांनी मात्र परळच्या दोन खोल्यांत राहून लंडनसाठी पैसा साठवला. चार वर्षांची मुदत प्रत्येक महिन्याला एकेका महिन्याने आखूड होत होती. १९२० साली त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातले मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज एवढ्या भांडवलावर ते पुन्हा बोटीत चढले. मुदत संपायला तेव्हा जेमतेम वर्ष उरले होते. दरम्यान संस्थेची फीही एका गिनीने वाढली होती!

पुढचे तीन वर्षांचे काम ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, अर्धपोटी झाले. १९२१ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंधाला एम. एस्सी. मिळाली. डी. एस्सी. साठी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध परीक्षकांना रुचला नाही, आणि १९२३ च्या मार्चमध्ये तो पुन्हा लिहिण्यास सांगण्यात आले. पैसे संपले होते. मुंबईला येऊनच दुरुस्ती करावी लागली. ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा धाडला आणि नोव्हेंबरात तो मान्य झाला. बॅरिस्टरीही याच मुक्कामात पुरी झाली होती. राहिली होती ती कोलंबियाची जुनी बाकी. प्रांतिक अर्थकारणाच्या विकासावरचा ग्रंथ १९२५ साली लंडनला छापून निघाला. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची होती आणि अर्पणपत्रिका सयाजीराव महाराजांच्या नावे होती. ८ जून १९२७ रोजी कोलंबियाने पदवी दिली. तोवर महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेला होता.

हे सर्व निश्चयाच्या बळावर झाले असे म्हणणे सोपे आहे, आणि ते खोटेही नाही. पण निश्चयाला धरायला जागा लागते. त्याच काळात कॉर्नेलिया सोराबजी यांना काय अनुभव आला ते पाहा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली आणि त्या उतरल्याही. पण स्त्रीला पदवी देण्याची तेथे तरतूदच नव्हती. १९२० साली ऑक्सफर्डने नियम बदलला, आणि १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी, पदवी त्यांच्या हाती पडली. त्यांचा अभ्यास पुरा होता, फक्त वहीत रकाना नव्हता. आंबेडकरांचा अभ्यास अपुरा होता, पण रकाना राखून ठेवलेला होता. नियमांची एकच वही कोणाला तीस वर्षे ताटकळत ठेवते आणि कोणाला चार वर्षांचा श्वास देते.

आज आपल्याकडे क्रेडिटची पद्धत आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम केले. विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट्स त्याच्या खात्यात जमा होतात, सामान्यतः सात वर्षे टिकतात, आणि मध्ये शिक्षण सुटले तरी पुन्हा येऊन पुढे जाता येते, अशी त्यामागची कल्पना आहे. कोलंबियाचा खर्डा आणि लंडनची चार वर्षांची मुदत यांचा जणू तो संगम आहे. कागदावर तो चांगलाच आहे. परंतु खाते राखून ठेवले म्हणजे खातेदार परत येतोच असे नाही. आंबेडकर परत गेले ते मुदतीमुळे, तसेच शिल्लक, देणगी आणि कर्ज या तिन्हींची जुळणी झाली म्हणूनही. मुदत असूनही जे परतले नाहीत त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या नावापुढे अक्षरे नाहीत, म्हणून त्यांची चरित्रेही नाहीत.

ही गोष्ट बाबासाहेबांइतकी कोणाला कळली असणार? १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तेथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे मुलगा तास आटोपून कामावर जाऊ शके. पोटासाठी नोकरी सोडता येत नाही आणि हजेरीवाचून टर्म भरत नाही, या पेचातून वेळापत्रकाच्या साध्या बदलाने त्यांनी वाट काढली. वीस वर्षे स्वतःचा हिशेब तीन देशांतून जुळवत आणलेल्या माणसाने शिक्षणाविषयी काढलेला तो निष्कर्ष होता.